पिल्लू नर की मादी: औसा तालुक्यातल्या एका उबवणीच्या नोंदी

१६ डिसेंबर २०२४

आज गावठी कोंबडा कोंबड्यांतून काढून वेगळा कोंडला. प्रकल्पाचं काम इथून सुरू झालं असं धरते.

आमच्या बचत गटातल्या बाया पिल्लं घेतात ती अंड्यांसाठी. तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, पाच-सहा महिन्यांची झाली की अंड्यावर येते, मग घरात रोजचे चार पैसे खेळतात. मागच्या पावसाळ्यात मोटारसायकलवर डालगं बांधून फिरणाऱ्या एका विक्रेत्यानं पिल्लांचे पंख उघडून दाखवले, "सगळ्या तलंगाच हैत मावशी" म्हणाला आणि तलंगांच्या भावानं पिल्लं दिली. मोठी झाल्यावर निम्म्याहून जास्त आरवायला लागली. निम्मे नर निघणं हा निसर्गाचाच हिशेब आहे, त्यात कुणाचा दोष नाही. पण ज्या बाईनं मजुरीच्या पैशांतून पिल्लं घेतली, तिला खोटं सांगितलं गेलं. पशुसखी म्हणून मी दारोदार लसी देत फिरते, त्यामुळे हा प्रश्न प्रत्येक उंबऱ्यावर मलाच विचारला जातो: "बघ गं, ह्यातल्या तलंगा किती?"

मला शोधायचंय ते असं. आपल्या गावात आहेत त्याच पक्ष्यांतून अशी जोडी लावता येईल का, की पिल्लू निघाल्या दिवशीच नर-मादी सांगता येईल, तेही पिल्लाला इजा न करता?

जोडी ठरली. नर: जाऊबाईंच्या घरचा कडकनाथ. त्याचे आई-बाप दोन्ही मी पाहिलेले आहेत. जीभ, टाळू, तुरा, पाय, नखं सगळं काळं. माद्या: गटातल्या घरांतून गोळा केलेल्या पट्टेरी कोंबड्या, पिसांवर आडवे काळे-पांढरे पट्टे आणि पाय पिवळे. पाय पिवळे किंवा पांढरे असलेल्याच घेतल्या, गडद पायांच्या परत पाठवल्या. त्याचं कारण पुढे लिहीन.

आज लगेच अंडी गोळा करायची नाहीत. कोंबडीच्या पोटात कोंबड्याचं बीज दोन-तीन आठवडे टिकतं. आता घातलेल्या अंड्यांत जुन्या कोंबड्याची पिल्लं निघतील आणि सगळ्या नोंदी फुकट जातील.

२३ डिसेंबर

भाचा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकतो. सुट्टीला आला होता, त्याला वहीतलं दाखवलं. त्यानं जे समजावलं ते माझ्या भाषेत लिहून ठेवते.

माणसात मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं. कोंबड्यांत ते आईकडून ठरतं. कोंबड्यात झेड नावाची दोन गुणसूत्रं असतात, कोंबडीत एक झेड आणि एक डब्ल्यू. कोंबडी आपलं झेड देते ते फक्त मुलग्यांना. मुलीला आईकडून डब्ल्यू मिळतं आणि तिचं एकुलतं झेड बापाकडून येतं. म्हणून झेडवर बसलेली खूण आईकडून मुलाकडे आणि बापाकडून मुलीकडे जाते. पिसांवरचे आडवे पट्टे झेडवरच असतात. आई पट्टेरी आणि बाप बिनपट्ट्याचा असेल तर पट्ट्याचा गुण मुलग्यांनाच मिळणार, मुली कोऱ्या राहणार. आणि पट्ट्याचा गुण असलेल्या काळ्या पिल्लाच्या टाळक्यावर जन्मतःच पांढरट ठिपका असतो.

ही युक्ती जुनी आहे. ऱ्होड आयलंड रेडचा कोंबडा आणि पट्टेरी प्लायमाउथ रॉकची कोंबडी यांची पिल्लं जगभर अशीच ठिपक्यावरून निवडतात. केंब्रिजच्या पनेट या शास्त्रज्ञानं तर पट्ट्याचाच गुण वापरून कँबार नावाची जात तयार केली, जिच्यात प्रत्येक पिढीत पिल्लाचा रंगच नर-मादी सांगतो. मला नवी जात करायची नाही. मला फक्त आमच्या गल्लीतल्या पट्टेरी कोंबड्यांचा उपयोग करून घ्यायचाय.

१० जानेवारी २०२५

आजपासून अंडी ठेवायला घेतली. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीनं तारीख. बारीक टोक खाली करून, माठाशेजारी गार जागेत, रोज कूस बदलून. आठवड्यापेक्षा जुनं अंडं शक्यतो उबवायला ठेवायचं नाही.

चुलत सासूबाई ओट्यावरून बघत होत्या. म्हणाल्या, "टोकाची अंडी काढ माय, त्यातून कोंबडेच निघत्यात. गोल तेवढी ठेव." हे आमच्याकडे घरोघर मानतात. वाद घालण्यापेक्षा बघितलेलं बरं, म्हणून टोकदार अंडी एकीकडे आणि गोलसर एकीकडे ठेवली. एक गोष्ट तेवढ्यातच लक्षात आली: टोकदार अंडी बहुतेक ठरावीक कोंबड्यांचीच आहेत. अंड्याचा आकार ज्या त्या कोंबडीच्या ठेवणीचा असतो. आकारावरून पिल्लू ठरत असतं तर त्या कोंबड्यांनी जन्मभर नुसते कोंबडेच दिले असते.

१८ जानेवारी

संक्रांतीच्या आधीपासून तीन कोंबड्या खुडूक होत्या, काल चौथीही बसली. यंत्रात ठेवणार नाही. आमच्याकडची वीज रात्री कधी जाईल त्याचा भरवसा नाही, आणि खुडूक कोंबडी ऊब, ओल, अंडी फिरवणं सगळं आपलं आपण सांभाळते. टोपल्यांत वाळू, वर सोयाबीनचं भुसकट. उवांसाठी राख चोळली.

पहिलीखाली टोकदार अंडी, दुसरीखाली गोलसर, तिसरीखाली उरलेली मिसळ, प्रत्येकी बारा. चौथीखाली वेगळ्या खुराड्यातली, नेहमीच्या गावठी जोडीची अंडी, तुलनेसाठी. संध्याकाळी अंधार पडल्यावर बसवल्या. २१ दिवस धरले तर ८ फेब्रुवारी.

२१ जानेवारी

उदगीरला मेलेल्या कावळ्यांत बर्ड फ्लू निघाल्याची बातमी आली. भाच्याला फोन करून सांगितलं, इतक्यात येऊ नको, काय बोलायचं ते फोटो पाठवून बोलू. बाजारातून दुसऱ्या जातीची पिल्लं आणून तुलना करायचा बेत सोडला. खुराड्यात जायच्या चपला वेगळ्या केल्या, दारात चुन्याची पट्टी ओढली. पाण्याची भांडी झाडाखालून काढून जाळीच्या आत घेतली, म्हणजे कावळे-चिमण्या तोंड घालणार नाहीत. गटाच्या बैठकीतही हेच सांगितलं: पक्षी मेला तर हातात घेऊन फिरू नका, उकिरड्यावर फेकू नका, दवाखान्यात कळवा.

२५ जानेवारी

सातव्या दिवशी रात्री मोबाइलच्या टॉर्चवर अंडी पाहिली. लाल रेघांचं जाळं दिसलं ती जिवंत. काही कोरी निघाली, ती काढली. लहान जाऊ विचारत होती की आताच नर-मादी दिसते का. नाही दिसत. सुईला दोरा बांधून अंड्यावर धरतात, गोल फिरला तर मादी आणि सरळ हलला तर नर म्हणतात. तो दोरा धरणाऱ्याच्या बोटानं हलतो. जास्त ऊब दिली की नर निघतात हेही खरं नाही. मगरी-कासवांत उष्णतेनं फरक पडतो. कोंबडीच्या बाबतीत अंडं घालण्याआधीच सगळं ठरलेलं असतं.

८ फेब्रुवारी

पहाटेपासून टोचा पडायला लागल्या. दुपारपर्यंत बहुतेक पिल्लं बाहेर. मदत म्हणून कुणाचंही कवच सोललं नाही, रक्तवाहिन्या ओल्या असतात, पिल्लू जातं.

९ फेब्रुवारी

आजचा दिवस सगळ्यात महत्त्वाचा. तिन्ही टोपल्यांतून कडकनाथाची एकोणतीस पिल्लं मिळाली. अंग कोरडं झाल्यावर सावलीत, पांढऱ्या कापडावर एकेक पाहिलं. दुपारच्या उन्हात काळं पिल्लू चमकतं आणि फिकट ठिपका दिसेनासा होतो, म्हणून सकाळी आठ-नऊचा उजेड उत्तम.

पहिली अडचण लगेच आली. जाऊबाई मदतीला बसल्या होत्या, त्यांना प्रत्येक पिल्लावर पांढरं दिसत होतं, आणि ते खरंच होतं. काळ्या पिल्लांचं पोट, गळा, पंखांची टोकं पांढरट असतातच, नर असो की मादी. त्याचा काही अर्थ लावायचा नाही. बघायचं ते फक्त टाळकं, दोन डोळ्यांच्या मागे, डोक्याच्या अगदी वर. ठिपका असला तर तिथे असतो, कडा फाटल्यासारख्या, पिवळट पांढरा. कुणाचा ज्वारीच्या दाण्याएवढा, कुणाचा बोटाच्या नखाएवढा. एक बोट हनुवटीखाली ठेवून दुसऱ्यानं लव मागे सारायची, मग चुकत नाही.

चौदा पिल्लांना स्पष्ट ठिपका. बारा पिल्लांचं टाळकं पूर्ण काळं. तीन पिल्लं काळी नसून तपकिरी पट्ट्यांची निघाली, त्यांच्या डोक्यावर सगळंच मिसळलेलं आहे, ठिपका आहे की नाही सांगता येत नाही. ती 'संशयित' म्हणून वेगळी लिहिली. ठिपक्याची खूण काळ्या लवेवरच वाचता येते हे पुढच्या वेळी लक्षात ठेवायचं.

ठिपकेवाल्यांच्या पायात लाल दोरा, बिनठिपक्यांच्या पायात पिवळा, संशयितांच्या पायात पांढरा. दोरा सैल बांधला आणि दर आठवड्याला बदलायचा, नाहीतर पाय वाढून रुततो. टोपली कोणती तेही वहीत लिहिलं.

टोकदार अंड्यांच्या टोपलीत दोन्ही प्रकारची पिल्लं आहेत, गोलसर अंड्यांच्या टोपलीतही दोन्ही. सासूबाईंना नेऊन दाखवलं. त्या बराच वेळ पिल्लं उलटसुलट करून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आता ही मोठी होईस्तोवर मी काय बोलत न्हाई." हे मला पटलं. ठिपका हा अजून नुसता अंदाज आहे, खात्री वाढल्यावरच.

त्याच दिवशी, संध्याकाळी

पंखाची परीक्षाही आजच घेतली, कारण ती पहिल्या एक-दोन दिवसांतच घेता येते. पंख पंख्यासारखा उघडला की खालच्या बाजूला लांब पिसांच्या काड्या आणि त्यांच्यावर झाकणाऱ्या पिसांची दुसरी ओळ दिसते. लांब काड्या झाकणाऱ्यांपेक्षा स्पष्ट मोठ्या असतील तर मादी. दोन्ही सारख्या किंवा वरच्या मोठ्या असतील तर नर. मोठ्या हॅचरीत हे रोज चालतं आणि तिथे ते बरोबरही येतं. पण तिथली आई सावकाश पिसं फुटणाऱ्या वाणाची आणि बाप लवकर पिसं फुटणाऱ्या वाणाचा असा मुद्दाम निवडलेला असतो. तो गुणही झेडवरच बसलेला असल्यामुळे सावकाशपणा आईकडून मुलांकडे जातो.

माझ्या पिल्लांत लांब काड्यांची पिल्लं लाल दोऱ्यातही आहेत आणि पिवळ्यातही. चौथ्या टोपलीतल्या गावठी पिल्लांचंही तेच. म्हणजे गावठी पिल्लाचा पंख उघडून कुणी तलंग म्हणून दाखवलं तर त्यानं आई-बाप सांगितल्याशिवाय त्या दाखवण्याला काही किंमत नाही. हे गटाच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिणार आहे.

जपानी पद्धतीबद्दल भाच्यानं सांगितलं होतं: पिल्लाची गुदा हलक्या हातानं उघडून आतला बारीक उंचवटा पाहायचा. नराचा घट्ट, गोल, चकचकीत, दाबला तरी टिकणारा. मादीचा मऊ, दाबला की बसणारा. मासुई आणि हाशिमोतो या जपानी संशोधकांनी १९२०च्या दशकात ही पद्धत जगापुढे आणली आणि तिथे त्यासाठी शाळाच निघाल्या. निष्णात माणूस तासाला हजाराच्या आसपास पिल्लं पाहतो आणि शंभरात पाच-सातही चुकत नाहीत. पण अशा माणसाशेजारी बसून महिनोन् महिने हात बसवावा लागतो. व्हिडिओ बघून कुणी करू नये. जोर जास्त झाला की पिवळ्या बलकाची पिशवी फुटते आणि पिल्लू मरतं. मी ती केली नाही आणि गटात कुणाला करू देणार नाही.

१५ फेब्रुवारी

सातवा दिवस. मानमोडीवरची (राणीखेत रोगावरची) लासोटा लस डोळ्यात एकेक थेंब. मानमोडी आली तर खुराडं रिकामं होतं, तेव्हा बाकी काहीही राहिलं तरी हे राहायला नको. दोरे बदलले.

२२ फेब्रुवारी

गंबोरो या पिल्लांच्या रोगावरची लस. दोन पिल्लं मुंगसानं नेली, एक लाल दोऱ्याचं आणि एक पिवळ्या. जाळीची खालची बाजू दगडांनी पक्की केली.

६ मार्च

आता पिसं बोलायला लागली. लाल दोऱ्याच्या पिल्लांच्या पंखांवर राखाडी-पांढरे आडवे पट्टे उमटलेत, पिवळ्या दोऱ्याची पिल्लं काळी कुळकुळीत. संशयितांपैकी एकावर पट्टे आलेत, दोघांवर नाहीत.

पण मला त्याहून जास्त आनंद पायांकडे बघून झाला. पहिल्या दिवशी पायांच्या रंगात फरक अंधुक होता. आज लाल दोऱ्याच्या पिल्लांचे पाय फिकट राखाडी, कुठे पिवळसर, आणि तोंडही आतून फिकट. पिवळ्या दोऱ्याच्या पिल्लांचे पाय गडद, जीभ काळपट, तुऱ्याचा कोंब जांभळट काळा.

पिवळ्या पायांच्याच कोंबड्या घेतल्या होत्या त्याचं कारण हे. कडकनाथचं काळं मांस-कातडं एका गुणानं येतं, पण कातडीत काळेपणा उतरू न देणारा एक वेगळा गुण असतो आणि तोही झेडवर. पिवळ्या-पांढऱ्या पायाच्या कोंबडीत तो असतो, कडकनाथमध्ये नसतो. आई तो मुलग्यांना देते, त्यामुळे मुलगे फिके पडतात. मुलींना बापाचं झेड मिळतं, त्या काळ्या राहतात. बेटसन आणि पनेट यांनी काळ्या कातडीच्या सिल्की जातीवर आणि लेगहॉर्नवर हेच पाहून १९११ साली लिहिलं होतं. शंभराहून जास्त वर्षांनी तेच औशाजवळच्या खुराड्यात दोन पायांवर चालताना दिसतंय याचं मला फार अप्रूप वाटतं. पट्टे स्वतःही पायांचा काळेपणा कमी करतात, म्हणजे दोन्ही गुण एकाच बाजूला ओढतात आणि फरक जास्त उठून दिसतो.

यातून कडकनाथ विकत घेणाऱ्यांना कामाची गोष्ट मिळाली. कडकनाथ मूळचा मध्य प्रदेशातल्या झाबुआचा, २०१८ मध्ये त्याच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि भाव चढल्यापासून संकराची पिल्लंही त्याच नावानं खपवली जातात. माझ्या पिवळ्या दोऱ्याच्या तलंगा बाजारात नेल्या तर निम्मे लोक कडकनाथ म्हणून घेतील, इतक्या त्या काळ्या आहेत. भेद उघडा पडतो तो त्यांच्या भावांकडे पाहिल्यावर. म्हणून नुसत्या काळ्या माद्या दाखवल्या तर घेऊ नका, त्याच उबवणीचे नर दाखवा म्हणा. नरांचे पाय, टाळू, तुरा फिके असतील तर आई कडकनाथ नव्हती. आई गडद पायांची गावठी असेल तर मात्र नरही काळे निघू शकतात, तेव्हा आई-बाप बघण्याला पर्याय नाही. आणि काळ्या अंड्यांचं कुणी सांगत असेल तर तिथून उठावं. कडकनाथचं अंडं फिकट बदामी असतं.

१५ मार्च

धुळवडीला कोंबड्याचं गिऱ्हाईक दारात आलं होतं, पण सहा आठवड्यांचीही झाली नाहीत, एकही दिलं नाही. मापं घेतली. लाल दोऱ्याच्या पिल्लांचा तुरा रुंद आणि उभा, पाय जाड. कडकनाथाच्या रक्तामुळे तुऱ्याची लाली उशिरा येते, म्हणून इथे रंगापेक्षा आकार बघायचा. नुसत्या गावठी पिल्लांत या वयात लाल तुरा हीच मोठी खूण असते, आणि चौथ्या टोपलीत तीच वापरून मी आज अंदाज लिहिला.

त्या टोपलीत एक उघड्या मानेचं पिल्लू आहे. ही खूण जन्मापासून दिसते, पण ती वाणाची आहे, नर-मादीची नाही. मानेच्या पुढच्या बाजूला पिसांचा झुपका आहे, म्हणजे तो गुण आई-बापांपैकी एकाकडूनच आलाय. दोन्हीकडून आला असता तर मान जवळजवळ पूर्ण उघडी असती. आमच्या उन्हाळ्यात असे पक्षी कमी धापा टाकतात. नर असो वा मादी, हे विकायचं नाही.

५ एप्रिल

आठ आठवडे झाले. देवीची लस दिली. ऊन तापलंय, पत्र्यावर तुराट्या आणि ओलं पोतं टाकलं, दुपारी पाण्यात गूळ-मीठ.

भाचा आला आणि दोघांनी मिळून दोऱ्यांकडे न बघता पक्षी तपासले. तो मानेची आणि पाठीच्या शेवटची पिसं पाहत गेला: नराची अरुंद, टोकदार, चमकदार, मादीची रुंद आणि टोकाला गोल. मी लिहीत गेले. शेवटी दोरे पाहिले. जिवंत राहिलेली सगळी लाल दोऱ्याची पिल्लं नर. सगळी पिवळ्या दोऱ्याची माद्या. संशयितांपैकी पट्टे आलेलं नर, दोन माद्या.

सासूबाईंना बोलावलं. त्यांनी स्वतः तीन-चार पक्षी धरून तुरे चाचपले आणि मग गटातल्या बायांना सांगायला निघाल्या, मला बोलूच दिलं नाही.

चौथ्या टोपलीतले दोन अंदाज अजून लटकलेत. गावठी मिसळीत आठ आठवडे पुरत नाहीत, दहा-बारा धरायचे.

२६ एप्रिल

गटाच्या बैठकीत ठरलं ते असं.

पट्टेरी, पिवळ्या पायाच्या कोंबड्या कुणी विकायच्या नाहीत. आजवर त्याच आधी विकल्या जायच्या, कारण त्या दिसायला उठून दिसतात. त्यांच्यावर बिनपट्ट्याचा काळा कोंबडाच ठेवायचा. उलट जोडी, म्हणजे पट्टेरी कोंबडा आणि काळी कोंबडी, लावायची नाही. अस्सल पट्टेरी कोंबडा मुलगा-मुलगी दोघांनाही पट्टे देतो आणि सगळ्याच टाळक्यांवर ठिपके येतात.

या संकराच्या भावा-बहिणींची आपसात पैदास करून पुढच्या पिढीत ठिपके शोधायचे नाहीत. तिथे निम्मे नर आणि निम्म्या माद्या पट्टेरी निघतात, खूण मोडते. दर वेळी मूळच्याच आई-बापांकडून अंडी घ्यायची.

पिल्लं विकताना पावतीच्या वहीत आई कोणती, बाप कोणता, तारीख काय आणि ठिपका होता की नव्हता असे चार रकाने. तलंगा आणि कोंबडे वेगळ्या भावानं विकायचे, पण कडकनाथ म्हणून एकही विकायचा नाही. 'कडकनाथ-गावठी संकर' असं पूर्ण लिहायचं. बाहेरून पिल्लं घेताना हेच चार रकाने विक्रेत्याकडून भरून घ्यायचे, आणि तो भरत नसेल तर निम्मे कोंबडे धरूनच भाव करायचा.

जाऊबाईंचा कोंबडा आता दुसऱ्या टोकाच्या वाड्यावर गेलाय. तिथल्या कोंबड्या तीन आठवडे थांबल्यावर, उन्हाची धग उतरली की मृगाच्या सुमारास अंडी ठेवायची.